सीमारेषा आणि निवड : महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयातील प्राध्यापकांकडे पालक व विद्यार्थी सल्ल्यासाठी येतात. अलीकडे त्यांच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर पडली आहे. राज्यातील दोन विद्यापीठांपैकी कोणत्या विद्यापीठाची पदवी घ्यावी, हा तो प्रश्न होय. प्रश्न साधा वाटतो. शुल्क, अंतर, वसतिगृह, अभ्यासक्रम आणि पदवीचे मोल यांचा विचार करून उत्तर द्यावे, असा आपला प्रघात आहे. परंतु महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा इतिहास पाहता असे दिसते की, हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारता येणे हीच मुळात नवी गोष्ट आहे. दीर्घकाळ विद्यार्थ्याचे विद्यापीठ त्याच्या गावाने ठरविले आणि गावाचे विद्यापीठ नकाशावरील एका रेषेने ठरविले.

या रेषेला आपण विद्यापीठाचे कार्यक्षेत्र म्हणतो. प्रस्तुत लेखात कार्यक्षेत्राच्या या कल्पनेचा उगम, तिचा विस्तार आणि तिला मिळालेली आव्हाने यांचा आढावा घेतला आहे. एकाच राज्यातील दोन सार्वजनिक विद्यापीठांमध्ये निवड करण्याचा अधिकार कोणाकडे होता, तो कोणत्या कारणाने मिळाला किंवा नाकारला गेला आणि त्यामुळे कोणाचा लाभ वा हानी झाली, हे या लेखाचे मुख्य प्रश्न आहेत. कार्यक्षेत्राची रेषा म्हणजे केवळ प्रशासनाची सोय नव्हती. तिने मागास विभागांतील विद्यार्थ्यांना संरक्षण दिले आणि त्याच विद्यार्थ्यांना बांधूनही ठेवले. ही दुहेरी भूमिका लक्षात न घेता ‘निवडीचे स्वातंत्र्य’ या शब्दप्रयोगाचे केवळ स्वागत करणे किंवा त्यास केवळ विरोध करणे, दोन्ही अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१. सीमारेषेपूर्वीचा काळ

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी संमत झाला. लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर उभारलेली ही विद्यापीठे शिकवीत नसत. ती परीक्षा घेत आणि पदव्या देत. अध्यापनाचे कार्य संलग्न महाविद्यालयांकडे होते. मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए. पदवीधरांची तुकडी १८६२ मध्ये बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या तुकडीतील होत.

या आरंभीच्या कायद्यांत विद्यापीठाची भौगोलिक मर्यादा सांगितलेली नव्हती, ही बाब येथे महत्त्वाची आहे. त्यामुळे कोणत्या विद्यापीठाशी संलग्न व्हावे हा बहुतांशी महाविद्यालयांचा प्रश्न होता. मुंबई विद्यापीठाशी सिंधपासून कर्नाटकापर्यंतची महाविद्यालये संलग्न होती. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय व बडोद्याचे महाविद्यालय ही संस्थानांतील महाविद्यालयेही त्यांत होती. याउलट नागपूर येथे १८८३ मध्ये सुरू झालेले हिस्लॉप महाविद्यालय मुंबईशी नव्हे, तर दूरच्या कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते. नागपूर हे मध्य प्रांताचे ठाणे होते, मुंबई इलाख्याचा भाग नव्हते. भाषा मराठी असली तरी प्रशासन वेगळे होते आणि संलग्नता प्रशासनामागून गेली.

लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीतील १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने ही स्थिती पालटली. प्रत्येक विद्यापीठाच्या अधिकाराची भौगोलिक मर्यादा निश्चित करण्याचा अधिकार या कायद्याने गव्हर्नर जनरलला मिळाला. यानंतर नागपूरची महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाकडे गेली आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्यांना आपल्या शहरातील विद्यापीठ लाभले. म्हणजे चाळीस वर्षांच्या अवधीत नागपूरच्या एकाच महाविद्यालयाने तीन विद्यापीठे पाहिली. या बदलांत विद्यार्थ्यांचा शब्द कोठेही नव्हता.

१९०४ च्या कायद्याचा हेतू विद्यापीठांवर सरकारी नियंत्रण वाढविणे हा होता, अशी टीका त्या काळी राष्ट्रीय विचारांच्या नेत्यांनी केली. स्वातंत्र्योत्तर काळातील राज्यांच्या विद्यापीठ कायद्यांनी मात्र कार्यक्षेत्राची कल्पना जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली. वसाहतकाळातील ज्या तरतुदींकडे आपण पुरेसे चिकित्सकपणे पाहिले नाही, त्यांत हिचा समावेश करावा लागेल.

२. पहिली निवड : स्त्रियांसाठीचे विद्यापीठ

महाराष्ट्रात एकाच प्रांतातील दोन विद्यापीठांपैकी एकाची निवड करण्याचा प्रसंग प्रथम स्त्रियांवर आला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुणे येथे महिला विद्यापीठाची स्थापना केली. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका वाचून त्यांना या कल्पनेची प्रेरणा मिळाली होती. मातृभाषेतून शिक्षण, स्त्रियांच्या जीवनाशी निगडित अभ्यासक्रम आणि इंग्रजीचे एक विषय म्हणून अध्ययन ही या विद्यापीठाची वैशिष्ट्ये होती. पदवीला ‘गृहीतागमा’ असे नाव दिले गेले.

तत्कालीन पुण्यातील एखाद्या मुलीपुढे त्यामुळे दोन मार्ग उभे राहिले. फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतल्यास मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळे. ती इंग्रजी माध्यमाची, पुरुषांच्या बरोबरीची आणि सरकारमान्य होती. कर्व्यांच्या विद्यापीठात गेल्यास आपल्या भाषेत, आपल्या गतीने शिकता येई. परंतु त्या पदवीला सरकारची मान्यता नव्हती. ज्ञान सुलभ होते, पण त्या ज्ञानावर नोकरी मिळण्याची शाश्वती नव्हती. या दोहोंमधील निवड सोपी नव्हती. ज्या घरात मुलीला इंग्रजी शाळेत पाठविलेच नव्हते, त्या घरातील मुलीसाठी तर पहिला मार्ग बंदच होता. तिच्या दृष्टीने दुसरे विद्यापीठ हा पर्याय नव्हता. ते एकमेव दार होते.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव देण्यात आले. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईस हलविले गेले. मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्यान्वये १९५१ मध्ये या विद्यापीठास वैधानिक दर्जा प्राप्त झाला. स्थापनेपासून वैधानिक दर्जा मिळेपर्यंत ३५ वर्षे लोटली. या काळात तेथून पदवी घेतलेल्या स्त्रियांनी मान्यतेच्या अभावाची किंमत वैयक्तिकरीत्या मोजली, हे विसरता येत नाही.

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे आणखी एक वेगळेपण नोंदविण्याजोगे आहे. त्याचे कार्यक्षेत्र जिल्ह्यांनी बांधलेले नाही. म्हणून १९५१ नंतर, निदान कायद्याच्या दृष्टीने, महाराष्ट्रातील विद्यार्थिनींना विभागीय विद्यापीठ आणि महिला विद्यापीठ असे दोन सार्वजनिक पर्याय राहिले. त्याच गावातील त्यांच्या भावांना असा दुसरा पर्याय नव्हता. शिक्षणाच्या इतिहासात स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक निवड उपलब्ध असल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. हे त्यांपैकी एक होय.

३. सीमा ओलांडणारे विद्यार्थी

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांचा अनुभव निराळा होता. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले आणि तेथे उर्दू हे शिक्षणाचे माध्यम होते. आधुनिक ज्ञान भारतीय भाषेत देण्याचा हा प्रयोग मोलाचा होता, यात शंका नाही. परंतु मराठी, तेलुगू व कन्नड भाषक विद्यार्थ्यांना ती भाषा मातृभाषा म्हणून लाभलेली नव्हती.

१९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ गाण्यास मनाई झाल्याने विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. औरंगाबादच्या इंटरमिजिएट महाविद्यालयातील विद्यार्थीही त्यात सामील झाले. विद्यापीठाने आंदोलकांना काढून टाकले. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठात प्रवेश दिला. हा प्रसंग दोन वेगळ्या प्रशासनांतील विद्यापीठांचा असल्याने आपल्या विषयाच्या थोडा बाहेरचा आहे. तथापि त्यातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. निवड करता येण्याजोगे दुसरे विद्यापीठ अस्तित्वात असणे ही केवळ सोय नसून प्रसंगी विद्यार्थ्याचे संरक्षणही असते. सर्व दारे एकाच संस्थेच्या हाती असती, तर त्या विद्यार्थ्यांचे शिक्षण तेथेच संपले असते.

४. स्वातंत्र्योत्तर विभागणी : गाव तेच, विद्यापीठ वेगळे

स्वातंत्र्यानंतर मुंबई विद्यापीठाच्या विस्तीर्ण क्षेत्राची विभागणी झाली. पुणे विद्यापीठाचा कायदा १० फेब्रुवारी १९४८ रोजी संमत झाला आणि बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. आरंभी या विद्यापीठाचे क्षेत्र १२ जिल्ह्यांचे होते. १९४९ मध्ये धारवाड, अहमदाबाद व बडोदा येथील विद्यापीठेही अस्तित्वात आली. पुढे मराठवाडा विद्यापीठ (१९५८), शिवाजी विद्यापीठ (१९६२), अमरावती विद्यापीठ (१९८३), उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (१९९०), स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४), सोलापूर विद्यापीठ (२००४) आणि गोंडवाना विद्यापीठ (२०११) अशी मालिका झाली.

या मालिकेचा अर्थ एखाद्या महाविद्यालयाच्या बाजूने पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो. सोलापूर येथे १९४० मध्ये सुरू झालेले दयानंद महाविद्यालय आरंभी मुंबई विद्यापीठाकडे होते. त्यानंतर ते पुणे, मग शिवाजी आणि शेवटी सोलापूर विद्यापीठाकडे गेले. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयाने मुंबई, पुणे व उत्तर महाराष्ट्र अशी तीन विद्यापीठे पाहिली. नांदेडच्या पीपल्स कॉलेजने उस्मानिया, मराठवाडा व स्वामी रामानंद तीर्थ अशी तीन विद्यापीठे पाहिली. सोलापुरातील एकाच घरातील चार पिढ्यांनी एकाच इमारतीत शिक्षण घेऊन चार वेगवेगळ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळविल्या असतील, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. त्यांपैकी कोणीही विद्यापीठ निवडलेले नसेल.

मराठवाडा विद्यापीठाच्या स्थापनेचा प्रसंग येथे विशेष विचारात घेण्यासारखा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे सुरू केलेले, पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्धी पावलेले महाविद्यालय उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि उस्मानिया विद्यापीठ परराज्यात गेले. आता पुढे तीन मार्ग होते. परराज्यातील विद्यापीठाशी नाते तसेच ठेवावे, पुणे किंवा नागपूर या प्रस्थापित विद्यापीठाशी जोडून घ्यावे अथवा स्वतःचे विद्यापीठ मागावे. न्यायमूर्ती पळणीटकर समितीने स्वतंत्र विद्यापीठाची शिफारस केली आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

पुण्याशी जोडले जाणे मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना अल्पकाळात अधिक लाभाचे ठरले असते, असा युक्तिवाद करता येतो. जुन्या विद्यापीठाची प्रतिष्ठा त्यांच्या पदवीला आपोआप लाभली असती. परंतु त्यांच्या अडचणी जाणणारी परीक्षा व्यवस्था, त्यांच्या विभागाचे प्रतिनिधी असलेली अधिकार मंडळे आणि त्यांच्या प्रदेशाचा इतिहास व भाषा यांवरील संशोधन मिळाले नसते. मराठवाड्याने प्रतिष्ठेपेक्षा सहभाग पसंत केला. दोन विद्यापीठांतील निवड एखादा प्रदेश सामूहिकरीत्या करू शकतो आणि त्यातून तिसरा पर्याय निर्माण करू शकतो, याचे हे उदाहरण होय.

हाच तर्क पुढे मराठवाड्याच्या आतही लागू झाला. १९७८ ते १९९४ या काळात विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तीव्र झाला. दलित समाजाने त्यासाठी मोठी किंमत मोजली. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी नांदेड येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड ते औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे अंतर अडीचशे किलोमीटरांहून अधिक आहे. गुणपत्रिकेतील दुरुस्तीसारख्या किरकोळ कामासाठी एवढा प्रवास करावा लागणे ही ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने लहान बाब नव्हती. छोट्या कार्यक्षेत्राचे समर्थन नेहमी या अनुभवातून झाले आहे.

५. न्यायालयापुढील सीमारेषा

कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कार्यक्षेत्राची रेषा फारशी जाणवत नसे. जवळचे महाविद्यालय हीच त्याची गरज होती. वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणात मात्र जागा मोजक्या असल्याने ही रेषा निर्णायक ठरली. एका विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील महाविद्यालयात प्रवेश मिळावा काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

१९७१ च्या डी. एन. चंचला विरुद्ध म्हैसूर राज्य या निकालात तीन विद्यापीठे असलेल्या शेजारच्या राज्याचा नियम न्यायालयापुढे होता. प्रत्येक विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना मोठे प्राधान्य होते. इतर विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना २० टक्क्यांपर्यंत जागा देता येत. न्यायालयाने हा नियम वैध ठरविला. विद्यापीठ एखाद्या भागाची शैक्षणिक गरज भागविण्यासाठी स्थापन होते, म्हणून त्या भागातील विद्यार्थ्यांना प्राधान्य देणे गैर नाही, हे त्यामागील प्रमुख तत्त्व होते.

महाराष्ट्रातील व्यवस्था याहून कडक होती. येथे वैद्यकीय प्रवेश विद्यापीठाच्या क्षेत्रापुरता मर्यादित होता. १९८६ च्या निदमर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी संपूर्ण बंदी घटनेच्या १४ व्या अनुच्छेदातील समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली. मात्र न्यायालयाने रेषा पूर्णतः पुसली नाही. ७० टक्क्यांपर्यंत जागा त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी राखण्यास मुभा दिली आणि उरलेल्या जागा राज्यभरातील गुणवत्तेसाठी खुल्या ठेवण्यास सांगितले. महाराष्ट्रातील सुपरिचित ७०:३० सूत्राचा उगम येथे आहे.

या सूत्राला एक राजकीय पूर्वपीठिकाही होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आणि घटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांना तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी न्याय्य रीतीने मिळाव्यात, असा आशय आहे. विभागांचा अनुशेष मोजणाऱ्या वि. म. दांडेकर समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला होता. अशा वातावरणात विभागवार जागांची कल्पना सामाजिक न्यायाचे साधन म्हणून स्वीकारली गेली.

परंतु या साधनाची एक मर्यादा होती. विभागात जेवढ्या जागा असतील त्यांचेच रक्षण ते करू शकत होते; जागा निर्माण करण्याचे सामर्थ्य त्यात नव्हते. ज्या विभागात वैद्यकीय महाविद्यालये अधिक, तेथील विद्यार्थ्यांना ७० टक्क्यांचा वाटा मोठा मिळाला. ज्या विभागात ती कमी, तेथील विद्यार्थ्यांचा वाटा लहान राहिला आणि बाहेर जाण्याचा मार्गही अरुंद झाला. मराठवाड्यातून या सूत्राविरुद्ध तक्रार होऊ लागली ती याच कारणाने. जी भिंत संरक्षणासाठी बांधली, तीच अडथळा वाटू लागली.

दरम्यान दोन बदलांनी या रेषेचा मूळ आधारच कमकुवत केला. पूर्वी पदवीपूर्व परीक्षा विद्यापीठे घेत असत. त्यामुळे दोन विद्यापीठांच्या गुणांची तुलना करणे कठीण होते आणि आपापल्या विद्यार्थ्यांना प्राधान्य देण्यास एक व्यावहारिक कारण होते. १९७० च्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध आला, बारावीची परीक्षा राज्य मंडळाकडे गेली आणि पुढे सामाईक प्रवेश परीक्षाही आल्या. दुसरे असे की, १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्याने राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये एकाच विद्यापीठाखाली आली. तरीही ७०:३० चे सूत्र तीन विभागांच्या रूपाने चालू राहिले. विद्यापीठ एक झाले, परंतु जुन्या विद्यापीठांची सीमारेषा त्यांच्या पश्चात उरली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वैद्यकीय प्रवेशांतील हे विभागीय सूत्र रद्द केले.

या निर्णयाचे मराठवाड्यात स्वागत झाले, तर विदर्भात नाराजीही व्यक्त झाली. दोन्ही प्रतिक्रिया आपापल्या स्थानावरून समजण्यासारख्या आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र एवढे नोंदवावे की, सूत्र रद्द झाल्याने विद्यार्थ्याची निवड वाढली, महाविद्यालयांचे असमान वाटप त्यामुळे बदलले नाही.

६. निवडीचा अधिकार कोणाकडे ?

गेल्या काही दशकांत कार्यक्षेत्राच्या रेषेत अनेक ठिकाणी खिंडारे पडली आहेत. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे क्षेत्र संपूर्ण राज्य आहे. नोकरी करणारा, शिक्षण मध्येच सुटलेला किंवा प्रौढ विद्यार्थी प्रथमच विभागीय विद्यापीठाऐवजी दुसरे सार्वजनिक विद्यापीठ आपल्या गावात राहून निवडू शकला. पदवीच्या समकक्षतेविषयी त्याला वेळोवेळी शंका ऐकून घ्याव्या लागल्या. येथे महिला विद्यापीठाच्या आरंभीच्या पदवीधरांची आठवण होते.

लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठास २०१४ च्या अधिनियमाने राज्यभर संलग्नता देण्याचा अधिकार मिळाला आणि त्यानुसार अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच्याशी संलग्न होऊ लागली. यामुळे अभियांत्रिकी महाविद्यालयापुढे विभागीय विद्यापीठ की तंत्रशास्त्र विद्यापीठ असा पर्याय आला. एका अर्थाने १९०४ पूर्वीची स्थिती मर्यादित स्वरूपात परत आली. निवड पुन्हा महाविद्यालयाच्या हाती आली, विद्यार्थ्याच्या नव्हे. एकाच शहरातील दोन महाविद्यालयांचे विद्यार्थी आता वेगळ्या विद्यापीठांच्या परीक्षा देतात आणि आपण महाविद्यालय निवडले, की विद्यापीठ, हे त्यांपैकी अनेकांना प्रवेशानंतर उमगते.

मुंबईत डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ (२०१९), साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ (२०२१) ही समूह विद्यापीठे आणि २०२२ च्या कायद्याने स्वतंत्र विद्यापीठ झालेले पुण्याचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी एकाच शहरात दोन सार्वजनिक विद्यापीठे ही गोष्ट अधिक परिचित केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे विनियम जारी केले. एका विद्यापीठातील श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठात नेता यावेत, हा त्यांचा हेतू आहे.

कायद्यातील मोकळीक आणि कार्यालयातील अनुभव यांत अंतर असते, हे प्राध्यापकांना सांगावयास नको. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याला स्थलांतर प्रमाणपत्र व पात्रता प्रमाणपत्र यांसाठी फेऱ्या माराव्या लागल्या आहेत. अभ्यासक्रम जुळत नाही म्हणून एखाद्या विषयाची परीक्षा पुन्हा द्यावी लागली आहे. नकाशावरील रेषा पुसट झाली तरी ती अर्जाच्या नमुन्यात टिकून राहते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील.

१. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र ही नैसर्गिक वा अपरिहार्य बाब नाही. १८५७ च्या कायद्यांत ती नव्हती. १९०४ च्या कायद्याने ती आणली आणि स्वातंत्र्योत्तर राज्यांनी ती पुढे चालविली.

२. निवडीचा अधिकार वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या घटकांकडे होता. १९०४ पूर्वी तो महाविद्यालयांकडे होता, नंतर शासनाकडे गेला, १९५८ मध्ये मराठवाड्याने तो प्रदेश म्हणून वापरला आणि १९८६ नंतर न्यायालयाच्या हस्तक्षेपाने व्यावसायिक शिक्षणातील विद्यार्थ्याकडे अंशतः आला. स्त्रियांना १९१६ पासून मिळालेला पर्याय हा या क्रमातील महत्त्वाचा अपवाद आहे.

३. दुसरे विद्यापीठ उपलब्ध असणे आणि त्याच्या पदवीला समान मान्यता असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘गृहीतागमा’ पदवीधर स्त्रिया आणि मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी यांचा अनुभव हेच सांगतो. मान्यतेवाचून दिलेली निवड ही जोखीम विद्यार्थ्यावर टाकते.

४. विभागीय राखीव जागांनी मागास विभागांना काही काळ आधार दिला, परंतु नव्या संस्था निर्माण करण्याची जागा त्यांना घेता आली नाही. याच न्यायाने, सीमारेषा पुसणे हेही नव्या संस्था निर्माण करण्यास पर्याय ठरू शकत नाही. ज्या विद्यार्थ्याजवळ शहरात राहण्याचा खर्च नाही, त्याच्यासाठी राज्यभर खुली असलेली जागा व्यवहारात बंदच असते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाकडे परत येऊ. दोनपैकी कोणते विद्यापीठ निवडावे असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आपण प्रतिष्ठेची क्रमवारी सांगतो. इतिहास आपल्याला त्याहून अधिक काही विचारावयास शिकवितो. परीक्षा कोण घेणार आहे, पदवीवर कोणाचे नाव येणार आहे, मध्येच विद्यापीठ बदलले तर जुन्या तुकडीचे काय होणार आहे, श्रेयांक दुसरीकडे नेता येतील काय आणि त्या विद्यापीठाच्या कार्यालयापर्यंत पोहोचण्यास किती वेळ व पैसा लागेल, हे ते प्रश्न होत. आपल्या आधीच्या पिढ्यांना हे विचारण्याची संधी नव्हती, कारण त्यांच्यासाठी ते कोणीतरी आधीच ठरविले होते. आज ती संधी काही प्रमाणात आली आहे. ती संधी केवळ माहितगार व साधनसंपन्न कुटुंबांपुरती मर्यादित राहू नये, याची जबाबदारी महाविद्यालयीन अध्यापकांवर येते.